पायरी नसलेली जीप

तात्या, काल तुमची जीप खाली घेतली.

तुम्ही चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानीत चढवलेले जास्तीचे पाटे काढले, कमान टांगायला लावलेले लांब शॅकल काढून मूळ मापाचे बसवले, आणि तुमचे ते थोराड टायर उतरवून साधे, कंपनीच्या मापाचे टायर घातले. जुन्नरच्या पाटेवाल्यानं जीप जॅकवर घेतली, खाली वाकून बॅटरीच्या उजेडात बघितलं आणि विचारलं, "ताई, कुणी केलं व्हतं हे काम?" मी म्हटलं, माझ्या वडिलांनी, ते आता नाहीत. तो गप्प झाला. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणून लोक गप्प होतात, आणि गेलेली माणसं त्याचा फायदा घेतात. तुम्ही तर जिवंत असतानाही घेतलात. काढलेले पाटे त्यानं भिंतीला टेकवून ठेवले आणि म्हणाला, "लोहाराला द्या, कोयतं लई भारी व्हत्यात ह्यांचं." मी म्हटलं, माझ्या डोळ्यांसमोर नकोत ते. जीप घरी आणली तेव्हा शेजारच्या बाईला वाटलं मी दुसरीच गाडी घेतली.

आज दुपारी मी मामाच्या ओसरीवर बसून हे लिहिते आहे. घोडेगावच्या वरच्या डोंगरातली ही वस्ती तुम्हाला माहीत आहे. एसटी फाट्यापर्यंत येते आणि पुढं दगडधोंड्यांतून वर यायचं. याच रस्त्यासाठी जीप उंच केली, असं तुम्ही मरेपर्यंत सांगत होतात. स्टँडवर सांगितलंत, चहाच्या टपरीवर सांगितलंत, आल्यागेल्या पाव्हण्याला सांगितलंत, "हिच्या माहेरच्या रस्त्यापायी केली राव." लोकांना किती कौतुक वाटायचं तुमचं! आणि त्या बाईनं आपल्या माहेरचा उंबरा किती वर्षांनी ओलांडला, ते आत जाऊन मामीला विचारा. आत्ता स्वयंपाकघरात दोघी हसताहेत, आई पाय लांब करून लसूण सोलते आहे आणि मामी तिला उठू देत नाही. मला मात्र हसू येत नाही. आज सकाळी आईनं मला एक गोष्ट सांगितली आणि मी पुन्हा पहिल्यापासून चिडले आहे. त्यामुळं सगळं पहिल्यापासूनच लिहिते.

जीप आली तेव्हा मी सातवीत होते. मिलिटरीच्या लिलावातली, हिरव्या रंगावर परत हिरवाच रंग मारलेली. तुम्ही जुन्नर ते घाटघर शिटं भरायला लागलात. जाताना माणसं, किराणा, सिमेंट, आणि येताना माणसं आणि हिरड्याची पोती. पावसाळ्यात तो रस्ता रस्ता राहायचाच नाही. चाकोऱ्या खोल जायच्या, मधला उंचवटा तसाच राहायचा, आणि मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा लोंबतो, तो दगडावर आपटायचा. एकदा गोळा फुटला, सगळं तेल वाटेवर सांडलं आणि तुम्ही घाटातून पायी परत आलात. तेव्हापासून तुम्हाला उंचीचं वेड लागलं.

ती रात्र मला अजून दिसते. आई चुलीपुढं भाकरी थापते आहे. तुम्ही विझलेला कोळसा घेऊन सारवलेल्या जमिनीवर दोन गोल काढताय, एक लहान, एक मोठा, आणि मला समजावून सांगताय. "पाटं वाढवलं की गाडीचं धड वर जातं, गोळा हाय तितंच ऱ्हातो. गोळा उचलायचा तर टायरच मोठा पायजे. पर टायर दोन इंच मोठा घेतला तर गोळा एकच इंच उचलतो, निम्मी वाढ वरच्या अंगाला जाती. अन् मोठा टायर मडगारला घासतो, म्हणून पाटं बी वाढवायचं. कळलं का?" मला कळलं होतं. तुम्ही पुढं सांगितलंत की टायर रुंद घ्यायचा नाही, उंच आणि अरुंद घ्यायचा, कारण रुंद टायर चिखलावर तरंगतो आणि अरुंद टायर चिखल कापून खालचा मुरूम धरतो. शाळेत मला कुणी इतकं नीट काही शिकवलं नाही, हे मी कबूल करते, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. इतकी अक्कल होती, तात्या. भाकरी उलटताना आईनं विचारलं, "अन् मंग चढायचं कसं?" तुम्ही गोलाकडंच बघत राहिलात. तुम्ही जेवून उठलात तेव्हा तिनं ओल्या फडक्यानं दोन्ही गोल पुसून टाकले.

मग एकातून एक सुरू झालं. टायर आले, ते पुण्याच्या भंगारातून. टायर घासले म्हणून पाटे वाढले. पाटे वाढले म्हणून गाडी दगडासारखी कडक झाली आणि मागच्या बाकावरच्या माणसांची आतडी गोळा व्हायला लागली. ब्रेकचे पाइप ताणले गेले म्हणून ते बदलले. दिवे आभाळात बघायला लागले म्हणून तेही खाली वाकवून घेतले. गाडीच्या प्रत्येक दुखण्यावर तुम्ही इलाज केलात. घाटघरच्या रस्त्याला जेवढी उंची पुरली असती तेवढ्यावर तुम्ही थांबला असता तर मी आज बोलले नसते, पण स्टँडवर दुसऱ्या एका जीपवाल्यानं गाडी उचलली आणि तुमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. परत एकेक पाटा चढला. "आपली गाडी लायनीत हुबी ऱ्हायली की बाकीच्या बसल्यावाणी दिसल्या पायजेत," हे तुमचं वाक्य. दिसायच्याही. तुम्ही जीपला टेकून उभे राहायचात आणि तिच्याहून बुटके दिसायचात, ते मात्र तुम्हाला कधी कुणी सांगितलं नाही.

माणसं चढायला लागली की बायका लुगडं सावरत, हसत, ओरडत चढायच्या. तुम्ही मागं उभे राहून एकेकीला हात द्यायचात. "या मावशे, धरा हात, अस्सं, झालं की." घाटघरच्या म्हाताऱ्या तुमच्यावर खूष असायच्या. बाजारपेठेतल्या मारवाडी शेठच्या आईसाठी तर लाकडी स्टूल यायचं, त्यांच्या दुकानातलं. त्या दवाखान्यात निघाल्या की तुम्ही स्वतः ते स्टूल जमिनीवर नीट बसवायचात, हलत नाही ना ते हातानं दाबून बघायचात आणि मग त्यांना वर चढवायचात. आईनं एकदा म्हटलं, असलं एक आपलं असू द्या की गाडीत. तुम्ही म्हणालात, "तुला कशाला? लेण्याद्रीच्या पायऱ्या चढती की तू टणाटणा." मागं बसलेले सगळे हसले. आईही हसली. मी बघत होते, ती सगळ्यांत शेवटी हसली.

जिला चढायला हात द्यायचा नाही अशी एकच बाई त्या सगळ्या रस्त्यावर होती, आणि ती तुमची बायको होती. कारण मला लहानपणीच माहीत होतं, कुणाला सांगावं लागलं नाही. चारचौघांत नवऱ्यानं बायकोचा हात धरायचा नसतो. आपण मेंढरांमागं फिरलेली माणसं. तुमच्या आईपर्यंत आपल्या घरातल्या सगळ्या बायका चालत आल्या, बिऱ्हाड घोड्यावर, कोंबड्या घोड्यावर, तान्ही पोरं नि कोकरं घोड्यावर, आणि बाई लगाम धरून पुढं. तुम्ही मेंढरं विकलीत, जीप घेतलीत, पण मनातला घोडा काही विकला नाहीत. उंची ठरवताना तुम्ही पोत्यांचा विचार केलात, दगडांचा केलात, गोळ्याचा तर फारच केलात. आई तुमच्या शेजारच्या सीटवर बसायला चाकाच्या मधल्या बोल्टांवर एक पाय ठेवायची, वरची सळई धरायची आणि अंग झोकून द्यायची. तुम्ही तोवर स्टिअरिंगवर जाऊन बसलेले असायचात.

मी नववीत असताना तुम्हाला सांगितलं होतं, एक पायरी वेल्डिंग करून घ्या. तुम्ही बोनेटमध्ये डोकं घालून उभे होतात, बाहेर काढलंतही नाही. "पायरी दगडाला लागंल. येवढी गाडी उचलली कशापायी मंग? दगडाला लागू नये म्हणूनच ना?" मी म्हटलं, मग वर दुमडता येईल अशी करा. तेव्हा तुम्ही डोकं बाहेर काढलंत, हात पुसलेत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "जीप हाय ही, पालखी न्हाई. तू नको शिकवू मला." तुम्ही मला मारलं असतं तरी चाललं असतं. पण ज्या माणसानं मला कोळशानं टायर काढून शिकवलं, तोच म्हणाला की मी शिकवायचं नाही. दुमडणारी पायरी तुम्ही अर्ध्या दिवसात केली असती. जुन्या टायरचा तुकडा साखळीला बांधून लोंबता सोडला असता तरी भागलं असतं, दगडाला लागला असता तर वाकला असता. तुम्हाला हे सुचलं नसेल असं मला कुणी सांगू नये.

मग तो दिवस. मामाच्या मुलीचा साखरपुडा होता. आई आणि मी बांगड्या भरायला जुन्नरला आलो होतो आणि स्टँडवरूनच जीपमध्ये बसून इकडं यायचं होतं. पाऊस भुरभुरत होता. तुमचे चुलते, म्हणजे माझे चुलत आजोबा, त्यांना घोडेगावच्या तहसिलीत काम होतं म्हणून बरोबर निघाले होते. त्यांना पुढं बसायला सांगितलं तर म्हणाले, "मागंच बरं हाय, बिडी वढता येती." मी जीपच्या मागं उभी राहून तांदळाचं बोचकं आत ढकलत होते. ताडपत्रीमुळं मला पुढचं काही दिसत नव्हतं. इंजिन चालू होतं. एकदम डबा आपटल्याचा आवाज आला आणि रव्याचे लाडू माझ्या पायांपर्यंत घरंगळत आले. मी पळत पुढं गेले. आई चाकाशेजारी चिखलात बसली होती, एक पाय अंगाखाली असा वळलेला की मला तो बघवेना. आणि तुम्ही, तात्या, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होतात. समोर काही नव्हतं, स्टँडची भिंत होती. तुम्ही मान न वळवता म्हणालात, "ऊठ. लोक बघत्यात."

ते वाक्य मी आजवर कितीजणांना सांगितलं आहे ते तुम्हाला कळलं तर तुम्ही मेल्यावरही मान खाली घालाल. चहावालीनं आणि मी तिला उचललं. तिचा घोटा मोडला होता. प्लास्टर निघालं तेव्हा पाय थोडा तिरका बसला होता, तो तसाच राहिला. महिनाभर ती चुलीपुढं प्लास्टरचा पाय एका बाजूला सोडून भाकरी थापत होती आणि तुम्ही पलीकडं बसून जेवत होतात. मी वाट बघत होते. वाटायचं, आज तुम्ही काहीतरी म्हणाल. तुम्ही म्हणायचात, पुढच्या टायरची नक्षी एका बाजूनंच झिजतीय, चाकं सरळ करून घ्यायला पायजेत. नाहीतर म्हणायचात, पाऊस वाढला, घाटघरच्या अलीकडं दरड आलीय. दुसरं काही नाही. आई ताटात भाकरी वाढायची, पाणी द्यायची. मला त्या दिवसांत तुमच्या जेवणाच्या आवाजाचासुद्धा राग यायचा.

त्यानंतर आई त्या जीपमध्ये चढली नाही. तिला चढताच येत नव्हतं, आणि फाट्यापासून वस्तीवर चालत जाणं त्या पायाला झेपत नव्हतं. माहेर सुटलं. मामा यायचा तिला भेटायला, वर्षाकाठी एकदा. आजी थकली होती, ती कुठली येते. मग एक दिवस सकाळी निरोप आला की आजीचं काही खरं नाही. तुम्ही जीप अंगणात आणलीत, इंजिन चालू ठेवलंत आणि आतूनच म्हणालात, "चल, बस." आई उंबऱ्यात उभी होती. तिनं जीपकडं बघितलं, तुमच्याकडं बघितलं. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मग तिनं गाठोडं काखेत मारलं आणि लंगडत एसटीच्या रस्त्याला लागली. मी तिच्यामागं गेले. वळणावरून मी मागं बघितलं तर तुम्ही जीपमध्येच बसला होतात, इंजिन तसंच चालू. घोडेगावला बस बदलली, फाट्यावर उतरलो, आणि तिथून वस्तीपर्यंत आई माझ्या खांद्यावर भार टाकून, दर दहा पावलांनी थांबत आली. वस्तीच्या खाली ओढा आहे तिथं आम्हाला माणसं परत येताना भेटली. सगळं उरकून आली होती. आईला तिच्या आईचं तोंड बघायला मिळालं नाही, आणि अंगणात तेवढ्या उंच टायरांवर एक जीप रिकामी उभी होती जी म्हणे याच रस्त्यासाठी केली होती.

आता तुमचं चांगलं तेही लिहिते, नाहीतर म्हणाल पोरीनं एकतर्फी मांडलं. बारावीनंतर तुम्ही मला कापणी झालेल्या शेतात जीप चालवायला शिकवलीत. क्लचला माझा पाय पुरत नव्हता, तर तुम्ही पेडलला लाकडाचा ठोकळा बांधून दिलात. बघा, माझ्यासाठी ठोकळा सुचला! आणि मला लायसन मिळालं त्या दिवशी खिशातून टायरची हवा बघायचं मीटर काढून माझ्या हातात ठेवलंत, पेनासारखं, पितळी. "चिखलात शिरायच्या आधी हवा कमी करायची, वर आल्यावर परत भरायची. लोकं हेच इसरत्यात." ते मीटर अजून माझ्या पर्समध्ये आहे. पुढं तुम्ही आजारी पडलात, आई त्याच तिरक्या पायानं तुमच्या खाटेभोवती फिरली, आणि तुम्ही गेलात. शेवटच्या दिवसांत तुम्ही मला दोनदा विचारलंत, गाडी चालू करून ठेवती ना? आईच्या पायाबद्दल नाही विचारलंत.

इतकी वर्षं मी जीप तशीच चालवली, मोडता येईना आणि बदलायला मन होईना. गेल्या महिन्यात मामा पडला, खाटेवर आहे. आई म्हणाली, एकदा त्याला बघून यावं. त्या दिवशी मी ठरवलं की तुमची उंची उतरवायची. आणि आज सकाळी मी जीप दारात लावली, आईला बाहेर बोलावलं. ती जीपभोवती एक फेरी मारून आली, मडगार्डवर हात फिरवला. "केवढीशी झाली गं," म्हणाली. मी म्हटलं, चढ आता. जुन्या सवयीनं माझं तोंड सुटलं, म्हटलं, "कुणाच्या हाताची गरज नाही आता तुला. तसाही कुणी दिला नव्हता." ती एक पाय आत ठेवून थांबली.

"दिला व्हता," आई म्हणाली.

मला आधी कळलंच नाही ती काय बोलतेय. "त्या दिशी स्टँडवर. त्यांनी तिकडनं वाकून हात फुडं केला व्हता. येवढ्या वर्षांत पयल्यांदाच. पाऊस व्हता ना, बोल्ट वला झाल्याला." मी विचारलं, मग धरला का नाहीस? आई माझ्याकडं बघतच राहिली, मी आपल्यातली नाहीच जशी. "माघं मामंजी बसल्यालं. पदर घसरला व्हता डोक्यावरचा, तो आधी घ्यायला नको? एका हातात डबा, एक हात पदराला. तिसरा हात कुठनं आणू?" मग आपला पदर उगीचच नीट करत म्हणाली, "तेवढ्यात पाय सुटला. त्यांचा हात तसाच ऱ्हायला लोकांच्या देखत. मंग त्यांनी माघारी घेतला."

मी तिथंच बोनेटवर बसले. तिला विचारलं, हे मला कधी सांगितलं का नाहीस? वीस वर्षं मी त्यांना तुझ्यासमोर शिव्या घालते आहे. तर ती काय म्हणाली माहीत आहे? "तुला बोलाया बरं वाटायचं." आणि वर, "मला बी ऐकाया बरं वाटायचं." तात्या, मी आयुष्यात पहिल्यांदा आईवर हात उगारायच्या बेतात होते. मग मला आजीची आठवण झाली. मी म्हटलं, आणि आजीच्या वेळी? तेव्हा तर अंगणात कुणी नव्हतं. ना चुलत आजोबा, ना लोक. तेव्हा का नाही बसलीस? आई जीपच्या आत नीट बसली, पाय आत घेतला, चप्पल जुळवली. "तवा दिलाच न्हाई त्यांनी. मी वाट बघत हुबी व्हते की उंबऱ्यात. दिला असता तर धरला असता."

म्हणून मी पुन्हा चिडले आहे. एकदा, एका पावसात, तुमचा हात लोकांसमोर रिकामा राहिला, एवढंच झालं होतं तुमचं. तिचा घोटा मोडला होता. आणि तुम्ही त्या एका अपमानावर उरलेलं आयुष्य काढलंत. अंगणात एक कुत्रंसुद्धा नव्हतं, तात्या. इंजिन बंद करून, खाली उतरून, चार पावलं चालून जायचं होतं. गोळा दगडाला लागू नये म्हणून तुम्ही एवढा खटाटोप केलात आणि स्वतःचा हात पुढं करायला तुम्हाला जमलं नाही. मी तुम्हाला माफ करत नाही. आईलाही आज करत नाही, पण ती आत लसूण सोलते आहे, तिच्याशी माझं उद्यापर्यंत जमेल. तुमच्याशी जमवायचं कसं ते मला माहीत नाही.

आता राहिलेलं. फाटा सोडल्यावर पहिल्याच चढाला खाली खाडकन आवाज आला, गोळा दगडावर बसला. मी तुम्हाला शिवी दिली. पुढं परत लागला. ओढ्याच्या अलीकडं तर जीप मधल्या उंचवट्यावर टेकून अडकली, चाकं नुसतीच फिरायला लागली. मी खाली उतरले, तुमच्या मीटरनं बघून टायरांची हवा कमी केली, दगड लावले आणि कशीबशी गाडी काढली. आई आत बसून बघत होती. म्हणाली, "आधीची असती तर अलगद आली असती." ते खरं होतं. टायर बरोबर होता. पाटेही, स्टँडवरच्या चढाओढीत चढवलेले सोडले तर, बरोबर होते. कोळशानं काढलेले ते दोन गोल बरोबर होते. खाली फक्त एक पायरी हवी होती, आणि ती नसेल तर एक हात.

हे कागद मी मामाच्या नातवाच्या वहीतले फाडून घेतले आहेत. कुठं पाठवणार नाही, कुणाला दाखवणार नाही. संध्याकाळी मामी चूल पेटवेल तेव्हा बघू. एवढं एकच सांगायचं राहिलं. पाटेवाल्याला मी म्हटलं होतं की मला ते डोळ्यांसमोर नकोत, ते खरं आहे, पण काल निघताना तो पैसे मोजत असताना मीच ते पाटे एकेक करून उचलले आणि जीपच्या मागच्या बाकाखाली टाकले. फार जड आहेत. आज इकडं येताना सगळ्या वाटेनं वाजत होते. आईनं दोनदा मागं वळून विचारलं, "काय गं खडखडतंय?"

मी म्हटलं, जॅक आणि पाने आहेत.